नाव न घेता मारलेली हाक

गोदावरीकाठचं पुणतांबा बहुतेकांना दोन कारणांनी ठाऊक असतं. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फाटा फुटतो तो इथे, आणि १ जून २०१७ला सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक उठली तीही इथूनच. तिसरं कारण या दोन्हींहून पुष्कळ जुनं आहे. इथे नदीकाठी योगी चांगदेवांची समाधी आहे, आणि चांगदेवांच्या नावाशी मराठीतल्या सर्वांत विलक्षण पत्राची गोष्ट जोडलेली आहे.

गोष्ट ऐकण्यातलीच. चौदाशे वर्षं जगले असं ज्यांच्याबद्दल सांगतात ते चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. वय पाहावं तर समोर कोवळा मुलगा, त्याला आशीर्वाद लिहायचा. अधिकार पाहावा तर तोच थोर, त्याला नमस्कार लिहायचा. काही ठरेना, तेव्हा त्यांनी कोराच कागद धाडला. एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्या. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानेश्वरांना उत्तर लिहायला सांगितलं. पासष्ट ओव्यांचं ते उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

पासष्टी आपण अद्वैताचा ग्रंथ म्हणून वाचतो. तिच्यात एक अतिशय हळवी जागा आहे. तुझ्या भेटीसाठी जीव आतुर झाला आहे, असं ज्ञानेश्वर कळवतात. आणि त्याच श्वासात म्हणतात की भीतीही वाटते, कारण आपली जी भेट मुळातच झालेली आहे ती या भेटण्यानं विसकटेल. ज्याला अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्याच्याबद्दलची ही ओढ आहे. तत्त्वज्ञान बाजूला ठेवून नुसता सूर ऐकला, तर हा प्रेमगीताचा सूर आहे.

इथे मनात एक प्रश्न उभा राहतो. जवळ नसलेल्या माणसाला कुणीतरी हाक मारतं. हाक आपल्याला नसते. हाक मारणारा आपल्या ओळखीचा नसतो. कधीकधी त्याची भाषाही आपल्याला कळत नाही. तरी आपल्याच घशात आवंढा का येतो?

भाषा न कळता रडवणारी गाणी म्हटलं की जगभर पहिलं नाव निघतं ते नेपल्सचं. दक्षिण इटलीतलं हे बंदर. एका बाजूला व्हेसुव्हियस ज्वालामुखी, समोर उपसागर. एकोणिसाव्या शतकात इथे प्रेमगीतांना असा बहर आला की दरवर्षी ८ सप्टेंबरच्या पिएदीग्रोत्ता जत्रेसाठी कवी आणि संगीतकार नवी गाणी करू लागले, आणि जत्रा संपताना त्यांतली उत्तम गाणी गावभर तोंडी झालेली असत. ‘ओ सोले मिओ’ हे १८९८ सालचं. शब्द जिओव्हान्नी कापुर्रो यांचे, चाल एदुआर्दो दी कापुआ यांची. चाल बांधली तेव्हा दी कापुआ नेपल्समध्ये नव्हतेच. ते काळ्या समुद्रावरच्या ओडेसात होते. जगातलं सर्वांत प्रसिद्ध ऊन-गाणं सूर्यापासून आणि घरापासून लांब बसलेल्या माणसाला सुचलं, हे कळल्यावर ते गाणं वेगळंच ऐकू येतं. त्यात वादळानंतरच्या स्वच्छ उन्हाचं कौतुक आहे, आणि ध्रुपदात सूर्य मागे पडून प्रियेचा चेहरा पुढे येतो.

दुसरं गाणं ‘तोर्ना आ सुर्रिएंतो’. नेपल्सजवळच्या सोरेंतो गावी परत ये, अशी त्यात विनवणी आहे. चाल एर्नेस्तो दे कुर्तिस यांची, शब्द त्यांचे भाऊ जांबात्तिस्ता यांचे. या गाण्याची एक आख्यायिका सांगतात. १९०२ साली इटलीचे पंतप्रधान झानार्देल्ली सोरेंतोत उतरले होते. गावाला पोस्ट ऑफिस हवं होतं. पाहुणे राजधानीत गेल्यावर कबूल केलेलं विसरतील, म्हणून नगराध्यक्षांनी या भावांकडून गाणं करून घेतलं. अभ्यासक म्हणतात की गाणं त्याआधीचंच असावं. आख्यायिका खरी असो वा नसो, ती रचता आली हीच मोठी गोष्ट आहे. प्रियेला उद्देशून असलेल्या गाण्यात एका वयोवृद्ध पंतप्रधानांना बसवलं, आणि गाण्याचं काही बिघडलं नाही!

कारण प्रेमगीतात एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ‘तू’ असतो, पण बहुधा त्या ‘तू’ला आडनाव नसतं, गाव नसतं, वय नसतं. चांगदेवांना समोरच्याला नेमकं स्थान द्यायचं होतं, म्हणून त्यांचा कागद कोरा राहिला. प्रेमगीत ते स्थान ठरवायच्या फंदातच पडत नाही. सख्या, साजणा, राया. एवढ्या तीन शब्दांवर लावणीनं शतकं काढली. त्या मोकळ्या जागी ऐकणारा आपलं माणूस बसवतो, आणि एकदा ते बसलं की गाणं त्याचं होऊन जातं.

ही रीत गोदावरीच्या खोऱ्याला किती जुनी ठाऊक आहे, ते पाहिलं की मन थक्क होतं. पुणतांब्यावरून वाहणारं पाणी पुढे पैठणला पोचतं. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिथल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा सातशे गाथांचा संग्रह आहे. त्याची सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, पुढे त्यात भर पडत गेली. भाषा माहाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली हा ग्रंथ मोठ्या मेहनतीनं मराठी वाचकांपुढे ठेवला. त्यात राजवाडे कमी आणि शेतं, पाऊस, गोदेचा काठ अधिक. आणि वाटेला लागलेले नवरे. प्रवासाला गेलेला पुरुष आणि मागे राहिलेली बाई ही जोडी गाथांमध्ये पुन्हा पुन्हा भेटते. एका गाथेतली बाई नवरा गेल्याचे दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढते. तो आज गेला, तो आज गेला, असं म्हणत दिवसाच्या पहिल्या अर्ध्यातच ती सगळी भिंत रेघांनी भरून टाकते. दोन ओळींत एवढं मावतं. पहिला दिवसही न सरलेला विरह याहून नेमका कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही.

गाथा आणि नेपल्सची गाणी यांच्यात आणखी एक साम्य आहे. दोन्हींनी पंडिती भाषा टाळली. इकडे संस्कृत होती, तिकडे पुस्तकी इटालियन. प्रेमाची गाणी मात्र स्वयंपाकघरातल्या, बाजारातल्या, भांडणातल्या भाषेत झाली. नेपल्सची बोली उत्तरेकडच्या इटालियन माणसालाही धड कळत नाही. साल्वातोरे दी जाकोमो यांच्यासारख्या शिकलेल्या कवींनीही प्रेमासाठी तीच निवडली. ज्या भाषेत आईनं पहिल्यांदा हाक मारली तिच्यात हाक मारली तरच ती आतपर्यंत जाते, याची ही दोन टोकांची साक्ष.

गाथांमधल्या बायकांची बोलण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. त्या प्रियकराशी क्वचितच बोलतात. सखीला सांगतात, मामीला सांगतात, आत्येला सांगतात. बोलणं एकीशी, ऐकावं दुसऱ्यानं. हजारएक वर्षांनी ज्ञानेश्वरांच्या विरहिणींमध्ये हीच वाट दिसते. पुणतांब्याच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाला १२९० साली ज्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली, ते विरहिणीत एका व्याकूळ बाईच्या आवाजात बोलतात. तिला चंदन पोळतं, चांदणं सोसवत नाही. एका विरहिणीत ती पलीकडे ओरडणाऱ्या कावळ्यालाच पाहुणा कधी येणार ते विचारते, आणि शुभ शकुन सांगितलास तर तुला काय काय देईन याची यादी करते. पाहुणा म्हणजे पंढरीचा विठ्ठल. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि लताबाईंच्या आवाजात ती विरहिणी घरोघर गेली, आणि अध्यात्माशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांनाही आपलीशी वाटली.

नेपल्सच्या १९३०मधल्या ‘दिचितेंचेल्लो वूये’ या गाण्यात हाच मार्ग आहे. प्रियकर एका तरुणीला म्हणतो, तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, मी तिच्यावर जीव टाकतो. सांगता सांगता समोरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याचा बांध फुटतो: मैत्रीण कुठली, ती तूच आहेस. सरळ सांगण्याचं धाडस होत नाही म्हणून माणूस आडून सांगतो, आणि आडून सांगितल्यामुळेच ऐकणाऱ्या तिसऱ्याला आत शिरायला वाट मिळते. तो तिसरा म्हणजे आपण. गाण्यातली सखी, कावळा, मैत्रीण यांच्या जागी आपण उभे असतो. निरोप आपल्या हाती दिलेला असतो.

हे झालं शब्दांचं. पण शब्द न कळताही डोळे भरतात, तेव्हा काम सूर करत असतात. ‘तोर्ना आ सुर्रिएंतो’ घ्या. गाणं पाश्चात्त्यांच्या मायनर स्वरमालेत सुरू होतं आणि मध्येच मेजरमध्ये जातं. आपल्या कानांच्या भाषेत सांगायचं तर षड्ज तोच राहतो आणि कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. एक स्वर चढतो आणि अंधाऱ्या खोलीची खिडकी उघडावी तसं होतं. थोड्या वेळानं कोमल गंधार परत येतो. आशा आली आणि गेली, हे एकही शब्द न कळता कळतं. आपल्याकडे पिलू रागात दोन्ही गंधार शेजारी नांदतात, आणि ठुमरीला, लावणीला पिलू इतका प्रिय का, याचं उत्तरही इथेच असावं. हसणं आणि रडणं एकाच ओळीत बसवायला असा राग सोयीचा.

नेपल्सचं नाव तर पाश्चात्त्य संगीतातल्या एका स्वरमेळालाच मिळालं आहे. अठराव्या शतकात तिथले ऑपेराकार तो फार वापरत. त्याचा पाया म्हणजे षड्जाच्या लगत वरचा, अर्ध्या स्वरावरचा स्वर. आपण त्याला कोमल रिषभ म्हणतो. हा स्वर घराच्या उंबऱ्याशी आलेला आणि तरी बाहेरच असलेला. षड्ज इतका जवळ की खाली उतरल्याशिवाय राहवत नाही, आणि गाणारा जेवढा वेळ त्याला तिथे धरून ठेवतो तेवढा वेळ आपला श्वास अडकतो. आपल्या मैफली ज्या भैरवीनं संपतात, तिच्यात हाच कोमल रिषभ निरोपाचं काम करतो. नेपल्सच्या ऑपेराकारांना भैरवी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दोन्हीकडच्या कानांनी दुःखासाठी तोच स्वर आपापला शोधून काढला.

मानसशास्त्रज्ञांनीही या जागा शोधल्या आहेत. जॉन स्लोबोडा यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना विचारलं, नेमक्या कोणत्या जागी डोळे भरतात. मेळात न बसणारा स्वर आधी लागतो आणि मग हळूच बसणाऱ्या स्वरावर टेकतो, अशा जागा वारंवार पुढे आल्या. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की आवडत्या संगीतातल्या शहारा आणणाऱ्या क्षणी मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि तो क्षण येणार या नुसत्या चाहुलीनंही स्रवतं. वाट पाहण्यातच सुख आहे, हे विरहगीतं केव्हापासूनची सांगत आली आहेत. याक पँकसेप यांचा तर्क तर अंगावर काटा आणतो. आईपासून दुरावलेलं पिल्लू ज्या आर्त सुरात ओरडतं त्याच्याशी अशा गाण्यातल्या उंच, एकाकी सुराचं नातं असावं, आणि म्हणून आपलं शरीर त्याला थंडी वाजल्यासारखं उत्तर देत असावं, असं त्यांनी १९९५ साली सुचवलं. तो तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. पण तो बरोबर असेल तर प्रेमगीताचं मूळ प्रेयसीच्याही मागे, माणसाच्या अगदी पहिल्या हाकेत आहे.

सूर आणि शब्द तयार झाले तरी गाणं अजून अपुरं असतं. ते पुरं होतं गाणाऱ्याच्या मुखात, आणि हे पाहायला पुणतांब्याहून लांब जायची गरज नाही. याच जिल्ह्यातलं संगमनेर म्हणजे शाहीर अनंत फंदींचं गाव. त्यांचा काळ १७४४ ते १८१९, पेशवाईच्या बहरापासून अस्तापर्यंतचा. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावातून पवळाबाई आल्या, ज्यांना तमाशाच्या बोर्डावरची पहिली स्त्री कलावंत मानतात. कुलकर्णी घराण्यातले पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५) तमाशात आले, आणि त्यांची लेखणी व पवळाबाईंचा आवाज यांची जोडी महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. ब्राह्मण कवी आणि महार समाजातली गायिका यांनी एका बोर्डावर उभं राहणं त्या काळी समाजाला पचणारं नव्हतं. लावणी गाणाऱ्या बायकांच्या गळ्याला आपण दाद दिली आणि त्यांच्या दारावरून जाताना मान फिरवली. ज्या बायकांनी आपल्या सगळ्यांची हाक शतकानुशतकं मारली, त्यांचं हे देणं अजून फिटलेलं नाही.

बैठकीच्या लावणीत ही हाक कशी मोठी होते ते पाहावं. गायिका बसून गाते. पायांना वाव नाही, म्हणून सगळं बोलणं डोळ्यांत, मानेत, बोटांच्या टोकांत आणि आवाजात येतं. एकच ओळ ती परत परत घेते. पहिल्यांदा त्या ओळीत रुसवा असतो. तीच ओळ दुसऱ्यांदा आर्जव होते. तिसऱ्यांदा ती थट्टा असते, आणि चौथ्यांदा गायिका नुसती बघते, ओळ तबला-पेटीवर सोडून देते. शब्द बदललेला नाही, पण एका बाईचं सगळं मन त्या ओळीतून फिरून आलेलं असतं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी (१९१५ ते २०१८) ही अदा शंभरी पार करेपर्यंत जपली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नेपल्सचा गायक हेच काम आवाजाच्या ताणानं करतो. एखादा उंच स्वर तो लयीबाहेर लांबवतो, साथीदार थांबून राहतात, आणि प्रेक्षागृह त्याच्याबरोबर श्वास रोखून धरतं.

गोव्यात तर हे दोन्ही किनारे एकाच गाण्यात भेटतात. मांडो कोकणीत असतो, त्यात घुमट आणि व्हायोलिन एकत्र वाजतात, आणि दोन आवाज एकमेकांना समांतर जात संथ चालीत प्रेम आणि ताटातूट गातात. साष्टीच्या गावांत एकोणिसाव्या शतकात तो फुलला. तोर्कातो द फिगरेदो यांनी निरोपावर बांधलेला मांडो आजही गोव्यातल्या समारंभांच्या शेवटी म्हणतात, आणि निघालेली माणसं दारातच थबकतात.

या गाण्यांचा काळ लांबच्या प्रवासांचा होता, हाही योगायोग नव्हे. नेपल्सच्या धक्क्यावरून लाखो माणसं अमेरिकेला गेली. ‘कोरे न्ग्रातो’ हे नेपल्सच्या भाषेतलं गाजलेलं गाणं १९११ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलं. गोव्याची माणसं मुंबईला, आफ्रिकेला गेली. देशावरची आणि कोकणातली माणसं गिरणगावात आली. मागे राहिलेल्यांनी आणि पुढे गेलेल्यांनी तीच गाणी धरून ठेवली. त्याच वेळी ध्वनिमुद्रण आलं. फ्रेड गायसबर्ग या ध्वनिमुद्रकानं एप्रिल १९०२मध्ये मिलानला नेपल्सच्या एन्रिको कारुसोचा आवाज तबकडीवर घेतला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला गौहर जानचा. एकाच माणसानं, एकाच वर्षात, दोन्ही किनाऱ्यांच्या हाका मेणात कोरल्या. तीन मिनिटांत सगळं सांगायची सक्ती त्या तबकड्यांनी केली. गाथेतल्या बाईला तर दोन ओळी पुरल्या होत्या.

आता एक करून पाहा. नेपल्सचं एखादं जुनं गाणं लावा, त्याच्यामागे एखादी विरहिणी, तिच्यामागे एखादी बैठकीची लावणी. अर्थ शोधू नका. हाक कुणाला आहे आणि ती कुणाच्या आडून मारली आहे, तेवढं ओळखा. गंधार कुठे बदलतो, कोमल रिषभ कुठे षड्जाशी येऊन थांबतो, तिकडे कान ठेवा. तीच ओळ परत आली की तिच्यातला भाव हलला का ते पाहा. मग त्या मोकळ्या जागेत आपण कुणाला आणून बसवलं ते आपलं आपल्याला कळेल. कुणाला तिथे दुरावलेली मैत्रीण दिसेल, कुणाला परदेशी गेलेला मुलगा, कुणाला नसलेली आई. प्रेमगीत मनाला भिडायला प्रेमात पडलेलं असावंच लागतं असं नाही. कुणाची तरी उणीव असली की पुरे, आणि तेवढी आपल्या प्रत्येकाकडे असते.